आठवी वाट

डोंगर मी चढत नाही, धुते. पुलाच्या अलीकडच्या टोकाला आमचं सायकलींचं दुकान आहे. सकाळी माणसं येतात, माउंटन बाइक भाड्यानं घेतात, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली चुकीचा अडकवतात. मी तो नीट लावून देते आणि ती धुक्यात निघून जातात. दुपारी परत येतात ती डोंगराचा थोडाथोडा भाग अंगावर घेऊन. मग मी पाण्याचा पाइप उचलते. वीस वर्षं हेच चाललंय. माझ्या अंदाजानं एक अख्खी टेकडी मी दुकानामागच्या गटारातून नदीत सोडली असेल.

त्यामुळे कोण कुठं जाऊन आलं हे मला कुणी सांगावं लागत नाही. गावाभोवती सात वाटा आहेत आणि सातांचा चिखल वेगळा. गिरणीमागच्या वाटेचा काळा आणि चिवट, नखात गेला तर दोन दिवस निघत नाही. खाणीच्या वाटेवर पांढरी पूड, ती चेनमध्ये बसली की दात खाल्ल्यासारखा आवाज येतो. पाइनच्या रानातून आलेल्या सायकलीच्या गिअरमध्ये सुया. ओढ्यांच्या वाटेवरून आलेली सायकल खालून स्वच्छ आणि वरून घाण. एकदा एक गृहस्थ सुळक्यापर्यंत जाऊन आल्याच्या बाता मारत होते. त्यांच्या टायरमध्ये समोरच्या खाणावळीच्या अंगणातली खडी होती. मी एक अक्षर बोलले नाही, नुसतं टायरकडे बघितलं. ते गृहस्थ पुन्हा काही आले नाहीत.

या सातही वाटा बाबांनी काढल्या. दुकान त्यांचंच, आणि भिंतीवरचा नकाशाही त्यांचाच. मोठा जाड कागद, त्यावर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या सात रेघा, मधून निळी नदी, आणि नदीच्या कुशीत तांदळाच्या दाण्यांसारखी गावातली घरं. गावात त्यांना सगळे वळणकाका म्हणतात, कारण वळणांच्या बाबतीत त्यांच्याइतका खोडकर आणि हट्टी माणूस दुसरा नाही. ते म्हणायचे, सरळ वाट कुणीही काढतो. वळण झाडापाशी घ्यावं, खडकापाशी घ्यावं, उघड्यावर कधी घेऊ नये, कारण सायकलवाल्याला ते लांबून दिसायला हवं. अशा एका वळणापायी त्यांनी पाइनच्या रानात अख्खा हिवाळा घालवला होता. आई तेव्हा होती. ती म्हणायची, या माणसाला घरी यायचं वळण तेवढं सापडत नाही.

मागच्या वर्षी पुलाच्या कठड्याला धरून बाबा उभे राहिले आणि बराच वेळ उभेच राहिले. त्यांना नदी बघायची हौस आहे म्हणून मीही आधी लक्ष दिलं नाही. मग त्यांच्या ओठांचा रंग दिसला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. सपाटीवर हवं तितकं फिरा, चढ बंद. दवाखान्याच्या लांब बोळात ताईनं मला कोपऱ्यात घेतलं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि सुट्टीतही मुख्याध्यापिकाच असते.

"मी आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन जाते," ती म्हणाली. "पाचवा मजला आहे, लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे."

"ते तिथं मरतील गं."

"आणि इथं?"

शेवटी असं ठरलं की बाबा माझ्याकडे राहतील, पण एकदा जरी वर गेले, तरी मी तिला कळवायचं. मग ती न्यायला येणार आणि मी आड यायचं नाही. मी शब्द दिला. त्या वेळी मला जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं, म्हणून मी काहीही कबूल केलं असतं.

बाबा शहाण्यासारखे वागू लागले. रोज पहाटे, नदीवरून धुकं उठायच्या सुमारास, ते आपली जुनी हिरवी सायकल काढत आणि काठाच्या रस्त्यानं जात. दोन तासांनी परत. मी विचारायचे, "कुठवर गेला होता?" ते म्हणायचे, "बगळ्यांपर्यंत." बगळे काही एका जागी बसत नाहीत, त्यामुळे हे उत्तर फार सोयीचं होतं.

मग एका सकाळी त्यांची सायकल दुकानात उभी होती, आणि ती स्वच्छ होती.

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात सायकल धुतली नाही. त्यांचं तत्त्वच होतं ते. चिखल वाळू द्यावा, मग ब्रशनं झाडावा. ओल्या सायकलवर पाणी मारणारा माणूस हा बेअरिंगच्या छर्ऱ्यांचा वैरी. मी पाइप हातात घेतला की ते दुकानातून उठून जात. आणि आता त्यांची सायकल चकचकत होती. आऱ्यांच्या बुडाशी नदीतली बारीक राखाडी वाळू अडकली होती, म्हणजे काठावर बसून, हातानं, ओंजळी ओंजळीनं धुतली होती.

मी खाली बसले आणि ब्रेक बघितले. पॅड मी दहाच दिवसांपूर्वी नवे घातले होते. ते झिजून पत्रा दिसायला लागला होता. काठाचा रस्ता आमच्या दुकानाच्या फरशीइतका सपाट आहे. तिथं बगळ्यांसाठी कुणी ब्रेक लावत नाही.

आता खरं सांगायचं तर मी त्याच क्षणी त्यांना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर ताईला फोन करावा लागला असता. म्हणून मी खणातून नवे पॅड काढले, मुकाट्यानं बसवले आणि हात पुसले. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "ब्रेक बरे लागतायत आज." मी म्हटलं, "असतील." पुढं दहा दिवसांनी मी पुन्हा पॅड बदलले. असा कानाडोळा करण्यात मी इतकी पटाईत आहे हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्यांदा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. झालं इतकंच होतं, की आदल्या रात्री जेवताना त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि मध्येच खाली ठेवला. परत उचलला. मी बघितलं नाही असं त्यांना वाटलं.

त्या पहाटे मी माझी सायकल हातात धरून त्यांच्या मागं निघाले. धुकं असं होतं की पुलाची एक बाजू होती आणि दुसरी नव्हतीच. नदीचा आवाज सगळीकडून येत होता, पायांखालून, डोक्यावरून, जणू मीच तळाशी चालले होते. पुढं कुठं तरी त्यांच्या मागच्या चाकाची टकटक ऐकू येत होती. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. गिरणीपाशी तो उजवीकडं वळला. काठाचा रस्ता डावीकडं जातो.

गिरणीच्या भिंतीमागं कुंपणाला एक फट आहे. तिथून आत शिरले आणि पायाखाली वाट आली. आमच्या सातांपैकी कुठलीच नव्हे. वाट कसली, सुताएवढी पट्टी. कुदळीचा एक घाव नव्हता. नुसतं रोज रोज तेच गवत दाबून दाबून झोपवलेलं, शेजारी चाकाची एक रेघ. बाबा सायकलवर बसले नव्हते. ती हातात धरून, तिच्यावर रेलून, ते चालत गेले होते.

मीही माझी सायकल ढकलायला लागले. बसून चढण्याचं माझं वय आणि गुडघे दोन्ही गेले. लहानपणापासून मला पावलं मोजायची खोड आहे, ती लागली बाबांमुळेच. मी टेपचं एक टोक धरायची आणि ते दुसरं. शंभर पावलं गेली, एकशे चार झाली, आणि वाट वळली. वळणावर एक दगड ठेवला होता, भाकरीएवढा, पांढरट. आजूबाजूला झाड नाही, खडक नाही, काहीच नाही. उघड्या उतारावर मधेच वाट वळली होती. मी थांबून बघत राहिले. वळणकाकांनी असं वळण काढलं म्हणजे त्यांच्या डोक्यात नक्की काय चाललंय, ते मला समजेना.

पुढं अठ्ठ्याण्णव पावलांवर पुन्हा तसंच. मग नव्वद. मधेमधे, वळण नसतानाही, वाटेच्या कडेला एखादा जादा दगड होता. त्याचंही कारण कळेना. पण वाट फार सुंदर होती. इतकी हळू चढत होती की चढतोय हे कळत नव्हतं, फक्त धुकं पातळ होत होतं. एकदा वाकून खाली बघितलं तर गाव नव्हतं. पांढऱ्यातून गिरणीच्या धुराड्याचं तेवढं टोक वर आलं होतं, त्यावर एक कावळा बसला होता, आणि तो माझ्याच उंचीवर होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला उगाचच हसू आलं. इतक्या वर्षांत हा डोंगर मी चमच्याचमच्यानं धुतला होता आणि तो असा होता हे मी पार विसरले होते.

सत्तर पावलं. बासष्ट. पन्नास. मी मोजत होते, पण झोपेत मोजावं तसं. धुक्याच्या वर आले तेव्हा ऊन लागलं. समोर माळ पसरला होता, जवळजवळ सपाट, गुडघ्याएवढं गवत, आणि त्या गवतातून ती पट्टी अशी नागमोडी गेली होती की मला क्षणभर वाटलं, कुणी तरी गंमत केलीय. पंचवीस पावलं आणि वळण. वीस पावलं आणि वळण. सोळा. तिथं वळायचं काही कारणच नव्हतं. चेंडू ठेवला असता तर तो जागचा हलला नसता.

तेराव्या पावलाला मी थांबले, आणि तेव्हा मला कळलं.

मी सायकल आडवी टाकली आणि गवतात बसले. एकशे चार, अठ्ठ्याण्णव, नव्वद, बासष्ट, वीस, तेरा. मी चिखल वाचते, ब्रेक वाचते, आणि हे वाचायला मला डोंगर चढून वर यावं लागलं.

"आलीस?" बाबांचा आवाज आला.

ते आणखी एका वळणापुढं, शेवटच्या दगडापाशी बसले होते. सायकल शेजारी लवंडली होती. एक हात छातीवर सहज ठेवल्यासारखा ठेवला होता, मी बघताच त्यांनी तो मांडीवर घेतला.

"तुम्हाला माहीत होतं मी येतेय?"

"ब्रेकचे पॅड आपोआप नवे होत नाहीत, छर्रा."

छर्रा म्हणजे मी. लहानपणी मी गोल होते आणि सारखी कशाखाली तरी हरवायची.

"मग सायकल कशाला धुतलीत?"

"तुला कळू नये म्हणून."

"अहो, धुतलेली दिसली म्हणूनच कळलं ना!"

ते हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. "उभ्या जन्मात एकदा सायकल धुतली," ते म्हणाले, "आणि त्यातच पकडलो गेलो."

मला राग यायला हवा होता. आलाही. मी म्हणाले, "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? ताईला काय कबूल केलं होतं आपण? इथं काही झालं असतं तर मला कुणी सांगितलं असतं, कावळ्यानं?" असं बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची त्यांची पद्धत अशी आहे, की आपलाच आवाज आपल्याला मोठा वाटायला लागतो.

"सात वाटा काढल्या," मी थांबल्यावर ते म्हणाले. "सातही माझ्या छातीच्या मापाच्या. तेव्हाच्या छातीच्या. पुलावरून कितीतरी माणसं परत फिरताना बघितली मी, अर्ध्या चढावर दम लागला म्हणून. त्यांना आपण काय सांगायचो? तुम्ही काठाकाठानं जा. मग मलाच सांगितलं, तुम्ही काठाकाठानं जा. तेव्हा कळलं ते ऐकायला कसं वाटतं."

"म्हणून ही?"

"म्हणून ही. अगदी सोपी युक्ती आहे. चालायचं. दम लागला की थांबायचं. दगड ठेवायचा, आणि तिथून वाट फिरवायची. म्हणजे पुढं ज्याला दम लागेल त्याला तिथं थांबायला जागा. झाडापाशी नाही, खडकापाशी नाही. दम काय झाड बघून लागतो होय?" ते स्वतःवरच खूश झाल्यासारखे दिसत होते. "चाळीस वर्षं मी वळणं चुकीच्या जागी काढत होतो, छर्रा."

मी गवताकडे बघत म्हणाले, "इथं वर वळणं फार जवळ आलीत."

"इथं चढ वाढतो," ते म्हणाले.

नुसत्या नजरेनं उतार सांगणारा माणूस हा. मी त्या सपाट माळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनी नजर चुकवली नाही.

"हो," मी म्हणाले. "वाढतो."

माथा समोर दिसत होता. तिथून नदी दोन्हीकडं दिसते म्हणतात, येणारी आणि जाणारी. बाबा म्हणाले, अजून सव्वाशे पावलं राहिलीत. मग ते सायकलवर बसले आणि दोन्ही ब्रेक दाबून, मुंगीच्या पावलानं उतरले. मी मागून चालत आले. वाटेत ते जादा दगड मी एकेक उचलून बघितले. वळणावरच्या दगडांखाली गवत पिवळं पडलं होतं. या मधल्या दगडांखाली ते अजून हिरवं होतं. महिन्यापूर्वी जिथं ते न थांबता जात होते, तिथंही आता त्यांना थांबावं लागत होतं.

त्याच संध्याकाळी मी ताईला फोन केला. शब्द दिला होता म्हणून केला असं म्हणायला मला आवडेल, पण खरं तसं नव्हतं. मी घाबरले होते. हे एकटीनं माहीत असणं मला झेपेना.

ताई शनिवारी आली, एक रिकामी सुटकेस घेऊन. रिकामी सुटकेस उचलताना हलकी असते, तरी ती ओढत आणावी तशी आणली तिनं. जेवणाच्या टेबलाशी तिनं वर्ग घेतला. मी बेजबाबदार होते, बाबा लहान मुलासारखे वागत होते, पॅड बदलून दिले म्हणजे मी त्यांच्या कटात सामील होते. यातलं एकही खोटं नव्हतं. बाबा पाव कापत होते. प्रत्येक तुकडा सारख्या जाडीचा, फार लक्ष देऊन.

"उद्या दुपारच्या गाडीनं निघायचं," ताई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाबांनी आजवर कुणाला पहिल्या फटक्यात 'बरं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

रात्रभर ते 'बरं' माझ्या कानात होतं. पहाटे मी ताईला हलवून उठवलं. "चल."

"कुठं?"

"ने त्यांना. मी आड येणार नाही, शब्द दिलाय. पण तू काय नेतेयस ते एकदा बघून घे."

ती कुरकुरत उठली. शहरातले पातळ बूट घालून धुक्यात माझ्यामागं निघाली. गिरणीची फट ओलांडताना तिचा दुपट्टा तारेत अडकला, तो सोडवताना ती मला दोन शब्द बोलली, मग बोलायचं थांबली. त्या वाटेवर बोलवत नाही. नदी पायाखाली कुठं तरी वाहत होती आणि आम्ही दोघी कापसातून वर चाललो होतो, लहानपणी बाबांनी पहाटे उठवून नेलं की चालायचो तशाच, एकमेकींचं तोंड न बघता. मला तर वाटलं, वर पोचू तेव्हा आम्ही नऊ आणि पंधरा वर्षांच्या असू आणि आई खालून हाक मारेल.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. नुसती मोठ्यानं मोजत होते. तिसऱ्या वळणापासून ती मोजायला लागली. टेपचं टोक तिनंही धरलेलं आहे.

"काय वेड्यासारखी वळणं आहेत ही," ती म्हणाली. "इथं कशाला वळायचं?"

"त्यांना जिथं दम लागतो तिथं ते वळतात."

तिनं मान डोलावली, तिला ते पटलं. शिक्षकाला पद्धत असली की बरं वाटतं. धुकं संपलं, माळ आला. "पंचवीस," ती म्हणाली. "वीस. सोळा." तिचा आवाज हळू हळू बारीक होत गेला. "तेरा." ती थांबली. मागं वळून तिनं सगळ्या वाटेकडे बघितलं, मग पुढच्या सपाट गवताकडे. शेवटच्या दगडापर्यंत तिनं पावलं मोठ्यानं मोजली नाहीत, नुसती ओठ हलवत गेली. अकरा होती. मला माहीत होतं.

ती दगडाशेजारी बसली. मुख्याध्यापिका अशी मातीत बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

"हे दाखवायला आणलंस मला?"

"हो."

"म्हणजे मी त्यांना आजच न्यायला हवं. आत्ता. समजतंय का तुला? हे असं असेल तर..."

"तेही बरोबरच आहे," मी म्हणाले. खरोखरच तसं वाटत होतं मला. "कोपऱ्यावर दवाखाना आहे. तिथं कदाचित एक वर्ष जास्त मिळेल. कदाचित दोन."

"आणि?"

"आणि काही नाही. मला काहीच कळत नाही, ताई. मी नुसती ब्रेक बदलत बसले."

मग मी रडले. ती रडली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समोर माथ्याकडे बघत राहिली. बराच वेळ आम्ही दोघी त्या उन्हात बसलो होतो, खाली गाव नव्हतं, फक्त पांढरं पांढरं, आणि गवतातून येणारा वारा. मला वाटतं थोडी झोपही लागली असावी.

"किती राहिलंय?" तिनं विचारलं.

"सव्वाशे पावलं."

ती उठली. उतरताना ती पातळ बुटांनी दोनदा घसरली, मी हात पुढं केला तर तो तिनं घेतला नाही.

घरी आलो तेव्हा बाबा दाराजवळच्या खुर्चीत तयार बसले होते. सुटकेस त्यांनी स्वतःच भरली होती, चार शर्ट, औषधांची डबी, दाढीचं सामान. ती बंद करून मांडीवर उभी धरली होती, अनोळखी स्टेशनवर बसलेला माणूस धरतो तशी. केस पाण्यानं बसवले होते. पायात काळे बूट होते, लग्नाकार्याचे, पॉलिश केलेले. भिंतीवरच्या नकाशाकडे ते बघत नव्हते. नकाशावर सातच रेघा होत्या.

"दुपारची गाडी ना?" ते ताईला म्हणाले. "मी आवरलंय सगळं."

ताई दारात उभी राहिली. तिच्या बुटांना, पायांना, दुपट्ट्याच्या टोकाला माती लागली होती. बाबांनी ती माती बघितली. ती मलाच नव्हे, त्यांनाही वाचता येते. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, फक्त सुटकेसवरची बोटं घट्ट झाली.

"बाबा," ताई म्हणाली. तिचा आवाज मुख्याध्यापिकेचा होता, पण निम्माच. "बूट घाला."

"घातलेत की."

"हे नव्हेत," ती म्हणाली. "डोंगराचे."

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग ते नाड्या सोडायला वाकले, आणि अर्ध्यावरच श्वास घ्यायला थांबले. ताई खाली बसली, सुटकेस त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली आणि त्यांच्या नाड्या सोडू लागली.